एकोणीस दिवस सतरा

थोरलीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि नाव पाहूनच धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा दिवसांतला हा नववा फोन. थोरली डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स होती. धाकटी खाली शहरात, आरोग्यखात्याच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, तापाचे आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्रामची मालकीण होती. मालकीण अशा अर्थाने की प्रोग्राम तिने लिहिला होता, तो अडला की शिव्या ती खायची आणि चालला की कौतुक साहेबांचं व्हायचं.

"गाडी कुठाय?" थोरलीने विचारलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

गाडी म्हणजे डॉक्टर आणि औषधं घेऊन फिरणारी गाडी. खात्याकडे अशा दोनच होत्या आणि दवाखाने बारा. ज्या दवाखान्याचा एका दिवसाच्या नव्या रुग्णांचा आकडा वीसच्या वर जाईल तिथे गाडी जायची. हा नियम फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता, कुणाच्या तरी आजोबांचा फोटो असावा तसा. धाकटीने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. कालच्या फेरीचे बारा चौकोन, सगळे हिरवे, म्हणजे वीसच्या आत. डोंगरावरच्या चौकोनात सतरा.

तिने तेच सांगितलं जे आधीच्या आठ फोनांत सांगितलं होतं. सतरा आहेत, वीसच्या वर गेल्याशिवाय माझ्या हातात काही नाही.

"सतरा?" थोरली म्हणाली. "थांब. मोजूनच दाखवते."

आणि तिने खरोखर मोजायला घेतलं. व्हरांड्यातून चालता चालता तिच्या चपलांचा आवाज येत होता. सुतार एक. सुताराची बायको दोन. शाळेतली बाई तीन, तिचा भाऊ चार. धाकटीने मध्येच सांगून पाहिलं की हे पडून असलेले झाले, आम्ही फक्त नवे मोजतो. नवे वेगळे मोजून रोज पाठवतेच आहे, माणशी एक पान, असं थोरलीने ठणकावलं आणि पुढे मोजत राहिली. आकडा सव्वीसवर पोचला तेव्हा धाकटीचा संयम संपला.

"ताई, मला काम आहे. अकराला मीटिंग आहे माझी."

पलीकडे चपला थांबल्या.

"शिंपीण गेली परवा," थोरली म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं." आणि तिने फोन ठेवला.

धाकटी धुमसत बसली. कुणीतरी गेलं याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण राग त्याच्यापेक्षा मोठा होता. थोरलीचं हे नेहमीचंच. तिला वाटायचं की सगळ्या जगात काम करते ती एकटी, बाकीचे बटणं दाबतात. आईच्या शेवटच्या आजारपणात तिने एक वही ठेवली होती. कोणतं औषध, किती वाजता, किती चमचे, घेतल्यावर तोंड कसं केलं, सगळं त्यात लिहायचं. एकदा धाकटीने नुसतंच 'औषध दिलं' असं लिहिलं, तर थोरलीने ते पान फाडून तिच्या हातात नवं दिलं होतं. "पूर्ण लिही," म्हणाली होती, पाहुण्यांसमोर. धाकटी तेव्हा तीस वर्षांची होती. तो अपमान तिने अजून गिळलेला नव्हता.

तर तिने ठरवलं की आज हिच्या तोंडावर पुरावा मारायचा. महिन्याभराचे आकडे काढायचे, कागदाचा फोटो पाठवायचा, खाली लिहायचं, बघ, तूच पाठवलेले आहेत. तिने डोंगरावरचे एकतीस दिवसांचे आकडे पडद्यावर मागवले. नऊ, अकरा, दहा, बारा करत ते हळूहळू चढत होते आणि अकराव्या ओळीला चौदा होता.

बाराव्या ओळीला सतरा. तेराव्या ओळीला सतरा. चौदाव्या ओळीला सतरा.

तिने बोट लावून खालपर्यंत मोजलं. पहिला सतरा धरला नाही, तर पुढे एकोणीस दिवस सतरा. ताप इतक्या शिस्तीत येत नाही. सतरा माणसं रोज घरी ठरवून निघत नाहीत. हा आकडा ती गेले एकोणीस दिवस रोज पाहत होती आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं, कारण चौकोन हिरवा होता.

काय झालं असणार हे तिला पुरावा पाहायच्या आधीच कळलं होतं. तरी तिने पाहिलं.

प्रोग्रामचं काम तसं सोपं होतं. बारा दवाखाने एकामागून एक वाचत बसलं तर तास मोडतो, म्हणून तो एकाच वेळी बारा प्रोसेस, म्हणजे आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या स्वतःच्याच बारा प्रती, सुरू करायचा. प्रत्येक प्रोसेसला एक दवाखाना. प्रत्येकीने आपल्या दवाखान्याचे कागद वाचायचे, नवे रुग्ण मोजायचे आणि आकडा आणून द्यायचा. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, कुणी कुणाशी बोलायचं नाही. आकडे घ्यायला दारात एक तेरावी बसलेली. तिचं नाव धाकटीने लाडाने 'पोतडी' ठेवलं होतं. सगळ्यांनी आणलेलं पोतडीत पडलं की चौकोन भरायचे, बेरीज व्हायची आणि कोणती गाडी कुठे ते खाली लिहून यायचं.

आता अकरा दवाखान्यांत कॉम्प्युटर होते. तिथून रुग्णामागे एक ओळ यायची, ती वाचायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ. डोंगरावर कॉम्प्युटर नव्हता. त्याची मागणी चार वर्षं कुठल्या तरी टेबलावर पडून होती. थोरली हाताने लिहायची, प्रत्येक माणसाचं एक अख्खं पान, आणि सकाळी आठला सगळ्या पानांचे फोटो पाठवायची. ते अक्षर वाचायचं, ताप आहे का बघायचं, हा माणूस आधी येऊन गेलेला नाही ना हे ताडायचं, यात एका पानाला तेरा सेकंद जात.

आणि पोतडी थांबायची चार मिनिटं. चार मिनिटांत जी प्रोसेस आली नाही, तिच्या चौकोनात पोतडी तिचा मागचा आकडा भरून मोकळी व्हायची.

पहिल्या सतराच्या दिवशी थोरलीची अठरा पानं होती, त्यातलं एक आधी येऊन गेलेल्याचं. दोनशे चौतीस सेकंद. सहा सेकंद राखून ती पोचली होती. दुसऱ्या दिवशी बावीस पानं आली. ती वेळेत वाचून होणंच शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी पंचवीस. आजारी जितके जास्त, तितकी पानं जास्त. पानं जितकी जास्त, तितका उशीर. आणि उशीर झाला की पोतडी म्हणणार, जाऊ दे, कालचाच घे. डोंगरावर माणसं पटापट आडवी पडत होती म्हणूनच खाली सगळं हिरवं दिसत होतं.

प्रोग्रामने हे लपवलंही नव्हतं. नोंदींची एक फाईल होती, तिच्यात रोज एक ओळ इमानदारीत पडली होती: डोंगर, वेळेत नाही, मागचा आकडा घेतला. अशा एकोणीस ओळी. ती फाईल कुणी उघडत नव्हतं. उघडणं ज्याच्या कामात बसत होतं असं माणूस एकच होतं आणि ते आत्ता खुर्चीवर बसून स्वतःच्या कपाळावर मूठ मारत होतं.

मागचा आकडा भरायची ती ओळ तिने लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी. साहेबांच्या सांगण्यावरून, हे खरं. साहेबांना कचेरीत सगळे हिरवेसाहेब म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. पडद्यावर एखादा चौकोन रिकामा राहिला की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एक चौकोन रिकामा दिसला तेव्हा ते म्हणाले होते, हे काय, दात पडल्यासारखं दिसतंय, काहीतरी भरा त्यात. तिने भरलं. नाही म्हणता आलं असतं. तिने उलट बढाई मारली होती की पाच मिनिटांचं काम आहे. आणि वर मनाच्या समाधानासाठी ओळीच्या शेजारी लिहून ठेवलं होतं: तात्पुरते.

शेजारच्या टेबलावरचे मास्तर तेव्हा म्हणाले होते, तात्पुरतं म्हणजे किती दिवस? मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. ती हसली होती.

ती उठली आणि तडक हिरवेसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेब आरशासमोर टाय नीट करत होते, कारण अकराच्या मीटिंगला वरच्या बाई येणार होत्या. वरच्या बाई म्हणजे खात्याच्या प्रमुख. दर सोमवारी त्या यायच्या आणि हिरवेसाहेब त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने बटण दाबायचे. बारा प्रोसेस सुटायच्या, चार मिनिटांत बिस्किटं फिरायची, चार मिनिटं झाली की पडदा टिच्चून भरायचा. त्या चार मिनिटांचा त्यांना फार अभिमान होता.

तिने एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज होते. मग त्यांनी विचारलं की चाराच्या जागी सहा मिनिटं केली तर चालेल का. ती म्हणाली, आज त्रेपन्न पानं आली आहेत, साडेअकरा मिनिटं लागतील. साडेअकरा मिनिटं बाईंना बसवून ठेवणं त्यांना अशक्य वाटलं. मग आकडा हाताने भरू द्या, असं ती म्हणाली. हाताने भरलेला आकडा नियमात बसत नाही, असं ते म्हणाले. मग मीटिंगच्या आधीच फेरी चालवते. त्यावर साहेब म्हणाले, सतराचे एकदम पन्नास झाले की बाई विचारणार, काल काय होतं? परवा काय होतं?

"विचारू दे ना," धाकटी म्हणाली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग ते मऊ आवाजात समजावू लागले, ज्या आवाजाने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजची मीटिंग होऊन जाऊ द्या. उद्या शांतपणे दुरुस्त करा, रोज थोडा थोडा वाढवत न्या, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. गाडी चार-पाच दिवसांत आपोआप जाईल.

"एकोणीस दिवस गेलेच आहेत मॅडम," ते म्हणाले. "आणखी चार दिवसांनी काय होतं?"

"शिंपीण होते," धाकटी म्हणाली.

साहेबांना कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. मृत्यूंची नोंद दुसऱ्या खात्यात जायची, महिन्याच्या शेवटी, वेगळ्या रंगाच्या कागदावर. तिला टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवरच्या त्या फ्रेमवर मारावासा वाटला. मारला नाही. दार मात्र असं आपटलं की बाहेर टायपिंग करणारे दोघे उठून उभे राहिले.

जागेवर येऊन तिने कोड उघडला. तोंडाने ती साहेबांचा, स्वतःचा आणि थोरलीचाही उद्धार करत होती. थोरलीचा अशासाठी की ही बाई कधी चुकत का नाही. त्या ओळीपाशी ती आली. 'तात्पुरते' हा शब्द तिथे होता तसाच होता. तिने ओळ काढली, शब्द काढला, चार मिनिटांचं घड्याळ काढलं. आता पोतडी सगळ्यांसाठी थांबणार होती.

पण कोडमधला बदल एकट्याने पुढे पाठवता येत नसे. दुसऱ्या कुणीतरी वाचून मान्यता द्यावी लागे आणि तो दुसरा म्हणजे मास्तर. मास्तरांना निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बदल वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. साहेबांना विचारलंस का, असं त्यांनी विचारलं नाही. दार आपटल्याचं त्यांनीही ऐकलं होतं.

"एखादी प्रोसेस मध्येच बंद पडून मेली तर?" ते म्हणाले. "पोतडी जन्मभर दारात बसून राहील. घड्याळ काही उगाच नव्हतं."

मुद्दा बरोबर होता आणि त्यामुळे तिला आणखी राग आला. पण तिने परत कोडकडे पाहिलं. उशीर होणं वेगळं आणि मरणं वेगळं. चार मिनिटांचं घड्याळ दोघांना एकाच मापाने मोजत होतं. तिने आणखी चार ओळी लिहिल्या. प्रोसेस जिवंत असेल, वाचत असेल, तर थांबायचं, आणि चौकोनात कितवं पान चालू आहे ते दाखवायचं. मेली असेल तर चौकोन लाल करायचा आणि 'आकडा आला नाही' असं लिहायचं. मागचा आकडा कुठल्याही परिस्थितीत भरायचा नाही.

मास्तरांनी पुन्हा वाचलं. घड्याळात दहा बावन्न झाले होते. मान्यतेचं बटण दाबून त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

मीटिंगच्या खोलीत वीसेक माणसं होती. वरच्या बाई मध्ये बसल्या होत्या, सर्दीने बेजार, हातात रुमाल. बाई तोंडाने फार बोलायच्या नाहीत आणि त्यामुळेच लोक त्यांना टरकून असत. हिरवेसाहेबांनी नेहमीचं छोटं भाषण केलं, ताप आटोक्यात आहे, यंत्रणा सज्ज आहे, वगैरे, आणि बटण दाबलं. पडद्यावर बारा रिकामे चौकोन आले. एका मिनिटाच्या आत अकरा चौकोन भरले. सगळे हिरवे.

बारावा रिकामा. त्याच्यात बारीक अक्षरात आलं: पान पाच, त्रेपन्नपैकी.

बिस्किटांची बशी फिरून आली. चार मिनिटं झाली. हिरवेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग खोलीच्या मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे. त्यांचा चेहरा उतरला. पान एकोणीस, असं चौकोनात दिसत होतं. साहेब म्हणाले, जरा तांत्रिक अडचण दिसते, तोवर आपण कालचे आकडे पाहू या.

"अडचण नाही," धाकटी मागून म्हणाली. "वाचतोय तो. थांबायचं."

वीस माना वळल्या. राग अजून पुरून उरत होता आणि तिने त्याचाच आधार धरला. वरच्या बाईंनी रुमाल नाकावरून काढला आणि विचारलं की एकाच दवाखान्याला इतका वेळ का.

मग तिने सांगितलं, मागच्या भिंतीला पाठ लावून. डोंगरावर कॉम्प्युटर नाही, तिथली नर्स हाताने लिहिते, एकेका माणसाचं एकेक पान. पानं वाढली की उशीर होतो. आजवर आपण उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नव्हतो. त्याचा जुना आकडा भरून पुढे जात होतो. पान सव्वीस चालू झालं होतं. एकोणीस दिवस तिथे जो सतरा दिसत होता तो खोटा होता. कुणीतरी खोकलं. हिरवेसाहेब म्हणाले की ही प्रोग्राममधली चूक आहे, संबंधितांवर कारवाई होईल.

"जुना आकडा भरायची ओळ माझी आहे," धाकटी म्हणाली. "साहेबांना रिकामा चौकोन आवडत नव्हता, हे कारण. पण लिहिली मी, तीन वर्षं ठेवली मी, आणि एकोणीस दिवस नोंदींची फाईल उघडली नाही तीही मीच. कारवाई करा. पण आधी हे वाचून होऊ दे."

वरच्या बाईंनी खुर्ची पडद्याकडे वळवली आणि त्या बसून राहिल्या. म्हणून बाकीचेही बसून राहिले. पान बत्तीस. पान तेहतीस. धाकटीला एकेका पानावर कुणीतरी दिसत होतं, आणि सव्वीसच्या पुढे कोण हे तिला माहीत नव्हतं, कारण तिने थोरलीचं मोजणं मध्येच तोडलं होतं. एवढी मोठी माणसं, ज्यांना लिफ्टसाठी थांबायचाही कंटाळा, ती सगळी गप्प बसून थोरलीची पानं उलटताना बघत होती. एरवी हे बघून तिला आनंद झाला असता. आज तिला फक्त हे दिसत होतं की साडेअकरा मिनिटं थांबणं इतकं सोपं होतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी चौकोन भरला. एकोणपन्नास. खालची ओळ आपोआप उमटली: दोन्ही गाड्या, डोंगर.

वरच्या बाई उठल्या. त्यांनी हिरवेसाहेबांना दुपारी भेटायला सांगितलं आणि धाकटीला संध्याकाळी. मग सहायकाला म्हणाल्या की गाड्या जेवणाच्या सुट्टीआधी निघाल्या पाहिजेत.

जिन्यात उभं राहून धाकटीने थोरलीला फोन लावला. गाड्या निघताहेत, दोन्ही, हे आधी सांगितलं. पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. इथेच थांबता आलं असतं. चूक झाली होती, सापडली, सुटली, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता आणि थोरलीला उरलेलं कधीच कळलं नसतं. धाकटी दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि तिने उरलेलं सांगितलं. ओळ कुणाची होती ते. आणि आकडा का अडकला ते.

"म्हणजे मी एकेका ओळीत लिहिलं असतं तर?" थोरलीने हळू विचारलं.

धाकटीला खोटं बोलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला थोरलीशी प्रेमाने खोटं बोलावंसं वाटलं.

"तर वेळेत पोचलं असतं," ती म्हणाली.

मागे कुणीतरी कण्हत होतं, बादली सरकवल्याचा आवाज आला.

"शिंपिणीचं पान मी दोनदा लिहिलं होतं," थोरली म्हणाली. "पहिल्याचं अक्षर फोटोत पुसट आलं म्हणून. दोन्ही पाठवली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, इतका तो वाईट वाटत होता. "तू गाडीबरोबर ये. माणूस कमी आहे मला."

संध्याकाळच्या भेटीचं धाकटीने सांगितलं नाही. वरच्या बाईंसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवली, मास्तरांना फाईलवर नजर ठेवायला सांगितलं आणि ती औषधांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून गाडीत बसली.

दुपारी तीनला ती डोंगरावर पोचली. व्हरांडा तिने फोनवर ऐकला होता, पाहिला आत्ता. सतरंज्या एकीला एक लागून टाकल्या होत्या आणि पाय ठेवायला जागा नव्हती. थोरली आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. तिने धाकटीकडे नीट पाहिलंही नाही. डॉक्टरांना आत घेऊन गेली, औषधांची खोकी उतरवून घेतली आणि मग येऊन धाकटीच्या हातात कोऱ्या पानांचा गठ्ठा आणि पेन ठेवलं. आज दुपारपासूनचे नवे कोपऱ्याच्या बाजूला आहेत, असं म्हणाली.

धाकटी पहिल्या सतरंजीपाशी उकिडवी बसली. म्हातारा गवंडी होता, हातांवर अजून चुना. तिने नाव, वय विचारलं आणि लिहिलं: ताप, नवा. एक ओळ. मग त्याच पानावर त्याच्या शेजारच्याची दुसरी ओळ, आणि मग तिसरी. एका पानावर वीस माणसं बसली असती. तेरा सेकंदांत वीस माणसं. तिला फक्त एवढंच कळत होतं की आता ही माणसं कुठेही अडकता कामा नयेत.

थोरली सलाईनची बाटली घेऊन जाता जाता थांबली. तिने वाकून पान पाहिलं. मग बाटली काखेत धरली, गठ्ठ्यावरून ते पान ओढलं आणि धाकटीच्या डोळ्यांसमोर उभं फाडलं.

"पूर्ण लिही," ती म्हणाली.

"ताई, उशीर होतो त्याने."

"होऊ दे." थोरलीचे डोळे आता भरले होते आणि ती रागाने थरथरत होती, लहानपणीही धाकटीने तिला अशी कधी पाहिली नव्हती. "लिहायचं काम माझं होतं. थांबायचं तुझं होतं."

ती पुढे निघून गेली. शेजारपाजारच्या सतरंज्यांवरच्या माणसांनी ऐकलं होतं, पण कुणाच्या अंगात मान वळवण्याइतकी ताकद नव्हती. धाकटीने नवं पान घेतलं. वर नाव लिहिलं, वय लिहिलं, गवंडीकाम लिहिलं, आणि त्याला विचारलं की ताप कधीपासून आहे, आधी थंडी वाजली का, पोटात काही टिकतंय का, घरी आणखी कोण आहे. गवंडी हळू बोलत होता, एकेका वाक्यानंतर थांबत होता. ती थांबली.